एल्फिन्स्टन हायस्कूल : सात फलकांच्या कामाच्या नोंदी

१८ जून

काल वाचनालयाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत असे ठरले की, यंदाच्या विद्यार्थी दिनाला, म्हणजे ७ नोव्हेंबरला, खालच्या सभागृहात मुंबईतील एल्फिन्स्टन हायस्कूलच्या इतिहासावर एक लहान प्रदर्शन भरवावे. फलक सात, प्रत्येक चार फूट बाय तीन फूट, आणि मजकूर फ्लेक्सवर न छापता पेंटरकडून हाताने लिहून घ्यायचा. मजकुराची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. महाविद्यालयात शिकणारी एक विद्यार्थिनी मदतीला आहे आणि चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक मांडणी पाहणार आहेत.

कार्यवाहांनी बैठकीतच मला शाळेच्या नामवंत विद्यार्थ्यांची यादी दिली. तीत तेवीस नावे होती. एका सरकारी शाळेतून इतकी माणसे निघाली असतील तर प्रदर्शनाला सात फलक अपुरे पडतील, असे मी गमतीने म्हणालो. घरी येऊन यादी नीट वाचली, तेव्हा तिच्यातील निम्मी माणसे हायस्कूलची नसून कॉलेजची असावीत असे वाटू लागले. तेव्हा पहिले काम मजकूर लिहिण्याचे नसून यादी तपासण्याचे आहे.

२४ जून

घोटाळ्याचे मूळ सापडले. ‘एल्फिन्स्टन’ हे नाव मुंबईत इतक्या ठिकाणी चिकटले आहे की माणूस कोणता आणि संस्था कोणती, हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. शाळेचे नाव १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून पडले. आमच्या भागातल्या लोकांच्या तोंडी असलेले एल्फिन्स्टन रोड स्टेशन, ज्याचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, ते मात्र त्यांच्या पुतण्याच्या, १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांच्या नावाचे. विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात काका-पुतणे एक झाले होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षे त्या स्टेशनावर उतरून मीही हा प्रश्न स्वतःला कधी विचारला नव्हता.

संस्थांचेही तसेच. आधी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन होती. तिच्यात मुलांची शाळा आणि वरचे वर्ग एकाच छपराखाली होते. १८५६ मध्ये तिचे दोन भाग झाले, वरच्या वर्गांचे एल्फिन्स्टन कॉलेज आणि खालच्या वर्गांचे एल्फिन्स्टन हायस्कूल. त्यामुळे मी एक साधा नियम घातला आहे. १८५६ च्या आधीची माणसे दोघांच्या सामाईक पूर्वजाची मानावीत आणि तसे स्पष्ट लिहावे. १८५६ नंतर मात्र जो हायस्कूलच्या वर्गात बसला तोच आपला, केवळ कॉलेजात गेलेला नव्हे. हा नियम लावल्यावर फिरोजशहा मेहता गेले. कार्यवाहांना हे अद्याप कळवलेले नाही.

२ जुलै

पहिल्या फलकाचा मजकूर झाला. १८२२ मध्ये मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी शाळा काढणारी आणि शाळेची पुस्तके तयार करणारी एक मंडळी उभी राहिली आणि पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. गव्हर्नर स्वतः तिचे अध्यक्ष होते, पण कामाचा भार वाहणाऱ्यांत सदाशिव काशिनाथ छत्रे आणि जगन्नाथ शंकरशेट ही आपल्याकडची माणसे होती. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन मायदेशी निघाले तेव्हा शहरातल्या लोकांनी त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी काढली आणि ती दोन लाख रुपयांच्या वर गेली. पुतळा किंवा कमान उभारून हा पैसा संपवता आला असता. वर्गणीदारांनी तो इंग्रजी भाषा आणि युरोपातली शास्त्रे शिकवणारे प्राध्यापक नेमण्यासाठी ठेवायला सांगितले. ऑर्लेबार आणि हार्कनेस हे दोन प्राध्यापक १८३५ मध्ये विलायतेहून आले. १८४० मध्ये सोसायटीची शाळा आणि हे वर्ग एकत्र झाले.

बाळशास्त्री जांभेकर याच फलकावर येतात. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे संपादक म्हणून त्यांना सगळे ओळखतात आणि पत्रकार दिनाला त्यांच्या प्रतिमेला हार पडतो. पण १८३४ मध्ये, ऐन विशीत, ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले आणि पुढे गणित-ज्योतिषासारखे विषय तिथे शिकवीत, ही बाजू मागे पडते. फलकावर त्यांच्या नावापुढे ‘अध्यापक’ हा शब्द आधी आणि ‘संपादक’ नंतर लिहायचा, असे मी सुचवले आहे. मी स्वतः मास्तर असल्यामुळे यात थोडा पक्षपात असेल.

११ जुलै

दुसरा फलक दादाभाई नौरोजींचा. १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले, हे वाक्य यादीत पहिले होते. मी ते शेवटी नेले. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. १८२५ साली गरीब पारशी घरात जन्मलेल्या आणि चार वर्षांचे असताना वडील गमावलेल्या या मुलाला सोसायटीच्या शाळेत फी द्यावी लागली नाही. शिक्षण फुकट नसते तर आपण शिकलोच नसतो आणि लोकांच्या पैशाने शिकल्यामुळे ते लोकांना परत करणे आपल्यावर बंधनकारक आहे, या आशयाचे त्यांनी उतारवयात स्वतःच लिहून ठेवले आहे. ते पुढे याच संस्थेत शिकवू लागले आणि १८५० च्या दशकात गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तोवर हे पद कोणत्याही हिंदी माणसाला मिळाले नव्हते.

परतफेड कशी झाली हेही याच फलकावर येईल. १८४८ मध्ये इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी प्रोफेसर पॅटन यांच्या पाठिंब्याने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचणे आणि त्यावर चर्चा करणे हा तिचा पहिला उद्योग होता. पण निबंधांतून विषय निघाला मुलींच्या शिक्षणाचा आणि ही मुले केवळ बोलून थांबली नाहीत. १८४९ मध्ये त्यांनी मराठी आणि गुजराती बोलणाऱ्या घरांतल्या मुलींसाठी शाळा उघडल्या. स्वतःचे तास सांभाळून त्या शाळांत ही मंडळी विनावेतन शिकवत. नाना शंकरशेटांनी आपल्या वाड्यातली जागा दिली. ज्या शाळेत एकही मुलगी नव्हती तिच्या मुलांनी मुलींच्या शाळा काढल्या, ही गोष्ट मला तेवीस नावांच्या यादीपेक्षा मोठी वाटते आणि फलकावर तिला दादाभाईंच्या चित्राइतकीच जागा द्यावी असे मी लिहून दिले आहे. भाऊ दाजी लाड यांना त्याच फलकावर चार ओळी मिळतील. ते या संस्थेत शिकले, इथेच शिकवू लागले आणि मग ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले.

१९ जुलै

तिसऱ्या फलकाचे शीर्षक ‘१८५६’ एवढेच ठेवले आहे. या वर्षी हायस्कूल स्वतंत्र झाले, हे वर आलेच आहे. त्याच वर्षाच्या जून महिन्यात, त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि त्याला तो नाकारण्यात आला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेले. सरकारने उत्तर दिले ते असे की, न्याय मुलाच्या बाजूला असला तरी एका मुलासाठी सगळी शाळा ओस पाडता येणार नाही. पुढे वरून टोचणी लागल्यावर, १८५८ मध्ये, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असे जाहीर झाले.

कार्यवाहांचा आक्षेप असा की, धारवाडची घटना मुंबईच्या शाळेच्या प्रदर्शनात कशाला. माझे म्हणणे त्यांना लेखी दिले आहे. एल्फिन्स्टन हायस्कूल ही सरकारी शाळा होती. सरकारी शाळेचे दार कोणाला उघडे, हा प्रश्न ज्या वर्षी इलाख्यात पहिल्यांदा कागदावर आला, त्याच वर्षी ही शाळा सुरू झाली. पाचव्या आणि सहाव्या फलकावर जी दोन नावे येणार आहेत ती या प्रश्नावाचून समजणार नाहीत. त्यांनी ‘पाहू’ असे म्हटले आहे, आणि त्यांच्या बाबतीत ‘पाहू’ म्हणजे बहुतेक वेळा होकार असतो.

२७ जुलै

दोन दिवस लोकल बंद पडत होत्या, म्हणून आज शनिवारी जाऊन आलो. धोबी तलावाच्या चौकातून महापालिका मार्गाने चालत गेले की एका बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज, पुढे कामा हॉस्पिटल, समोर आझाद मैदान आणि या सगळ्यांमध्ये शाळेची दगडी इमारत. जुन्या किल्ल्याचे तट पाडल्यावर मोकळ्या झालेल्या एस्प्लनेडच्या कडेने १८६० आणि १८७० च्या दशकांत ज्या गॉथिक इमारती उठल्या त्यांपैकी ही एक असून तिच्यासाठी सर अल्बर्ट ससून यांनी मोठी देणगी दिली होती. आमच्या मसुद्यात ‘डेव्हिड ससून’ असे पडले होते. काळ्या घोड्यावरच्या वाचनालयाचे नाव ज्यांच्यावरून आहे ते डेव्हिड, म्हणजे वडील. शाळेची इमारत मुलाच्या देणगीची. गंमत अशी की कॉलेजची इमारत आज त्या वाचनालयाला लागूनच आहे. त्यामुळे ससून आणि एल्फिन्स्टन ही जोडी डोक्यात आली की लोकांचे पाय आपोआप काळ्या घोड्याकडे वळतात.

इमारतीचे चित्र चित्रकला शिक्षकांनी पदपथावर उभे राहून, छत्री मानेत धरून काढले. कागदाचा खालचा कोपरा भिजून शाई पसरली. त्या पसरलेल्या शाईतच पावसाचा पदपथ बरा दिसतो, म्हणून तो कोपरा तसाच ठेवावा, असे त्यांचे मत आहे आणि मला ते पटले.

५ ऑगस्ट

चौथा फलक पहिल्या मॅट्रिकचा आणि तेलंगांचा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ मध्ये झाली. उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हेच दोघे १८६२ मध्ये विद्यापीठाच्या पहिल्या चार बी.ए. पदवीधरांत आहेत. भांडारकर रत्नागिरीहून इन्स्टिट्यूशनमध्ये आले ते वाटणीच्या आधी आणि रानडे कोल्हापूरहून आले ते वाटणीच्या सुमारास. त्यामुळे दोघांना ‘सामाईक’ रकान्यात ठेवले. नियम आपणच केलेला असला की तो नेमका आवडत्या माणसांच्या आड येतो.

काशिनाथ त्र्यंबक तेलंग मात्र निःशंक हायस्कूलचे. जन्म १८५०, शाळेत प्रवेश नवव्या वर्षी, १८६४ मध्ये चौदाव्या वर्षी मॅट्रिक. पुढे त्यांनी भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते १८८२ मध्ये ऑक्सफर्डच्या प्राच्य धर्मग्रंथमालेत आले. १८८९ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि १८९२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्या पदावर बसलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ते वारले. पेंटर म्हणतो की एवढ्याशा आयुष्यातला मजकूर चार फुटांत मावत नाही, अक्षर बारीक करावे लागेल.

यादीतून जमशेटजी टाटाही गेले, कारण १८५८ मध्ये ते शिक्षण पुरे करून बाहेर पडले ते कॉलेजातून. कार्यवाहांना आज सगळे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘सर, तुम्ही शाळेचं प्रदर्शन करताय की चाळणी?’’

१४ ऑगस्ट

आजचा दिवस एकाच तारखेत गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये कधी आले? अनेक ठिकाणी १८९७ हे वर्ष छापलेले आढळते आणि आमच्या मसुद्यातही तेच होते. आता त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. म्हणजे १८९७ मध्ये ते सहा वर्षांचे. सहा वर्षांचा मुलगा हायस्कूलमध्ये कसा बसेल, एवढा प्रश्न विचारला असता तरी ती तारीख खाली बसली असती. दुसरीकडे, साताऱ्याच्या त्या वेळच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव इंग्रजी पहिलीत दाखल आहे. ते १९०४ पर्यंत त्या शाळेत होते. राज्य सरकारने २०१७ मध्ये जो विद्यार्थी दिन सुरू केला तो याच नोंदीवरून आणि आपले प्रदर्शन ज्या दिवशी भरणार आहे तो दिवसही याच नोंदीने दिलेला आहे. तेव्हा मुंबईच्या शाळेतला प्रवेश साताऱ्याच्या नंतरचा, हे पक्के करून फलकावर ‘साताऱ्याहून मुंबईस, १९०४’ आणि ‘मॅट्रिक, १९०७’ एवढेच लिहायचे ठरले.

पटावरचा त्या नोंदीचा अनुक्रमांक १९१४ आहे. विद्यार्थिनीने कोठूनतरी उतरवून घेतलेल्या टिपणात ‘१९१४ साली प्रवेश’ असे झाले होते. चार आकडे दिसले की आपल्याला साल दिसते. शाळेत नोकरी केलेल्या माणसाला मात्र जनरल रजिस्टरचा नंबर म्हणजे काय ते लगेच कळते. दाखला काढताना कारकून पहिल्यांदा तोच विचारतो.

२० ऑगस्ट

पाचव्या फलकाचा मजकूर तीनदा लिहून फाडला. आज चौथ्यांदा लिहिलेला ठेवतो आहे.

रामजी सुभेदारांचे कुटुंब मुंबईत आले ते लोअर परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. आमच्या वाचनालयाला येणाऱ्या जुन्या लोकांना अशी खोली समजावून सांगावी लागत नाही. चूल, पाण्याचे पिंप, सरपण, माणसे आणि अभ्यास सगळे त्याच चौकोनात. चरित्रकारांनी नोंदवले आहे की, खोलीत दोघांना धड झोपायलाही जागा नसल्यामुळे वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून त्याच्या जागी आडवे होत आणि मुलगा दिव्याच्या उजेडात वाचत बसे. जवळ जाते आणि बांधलेली शेळी. चित्रकला शिक्षकांना मी सांगितले आहे की, चित्रात माणूस काढू नका. जाते, शेळी बांधायचे दावे आणि बिनचिमणीचा दिवा एवढेच काढा.

आता वर्गातला प्रसंग. गुरुजींनी गणित सोडवायला भीमरावाला फळ्यापाशी बोलावले. फळ्याच्या मागे वर्गातल्या मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. तो फळ्याला हात लावील आणि डबे बाटतील म्हणून तो तिथे पोचायच्या आत मुले उठून धावली आणि त्यांनी डबे खडाखड बाजूला ओढले. त्यानंतर त्याने खडू हातात घेतला. मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले. हे वाचल्यापासून मला सारखे वाटते की, त्या गुरुजींनी त्या अर्ध्या मिनिटात काय केले असेल? गणित मात्र सुटले, हे चरित्रकार सांगतात.

१९०७ च्या मॅट्रिकला त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले. विद्यार्थिनीने लगेच हिशेब केला, ३७.६ टक्के. ती थोडी बिचकली आणि म्हणाली, ‘‘सर, हा आकडा मोठ्या अक्षरात लिहायचा का?’’ मी म्हटले, सर्वांत मोठ्या अक्षरात लिहायचा. त्याच्या खाली हेही लिहायचे की, या यशाबद्दल वस्तीत सत्काराची सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि चर्नी रोडच्या बागेत या मुलाला रोज वाचत बसलेला पाहून त्याच्याशी ओळख केलेले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली ती केळूसकरांच्याच खटपटीने.

३ सप्टेंबर

सहावा फलक चिंतामणराव देशमुखांचा. रायगडच्या पायथ्याच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्म, रोहा-तळ्याला बालपण, मग मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल. १९१२ च्या मॅट्रिकला सबंध विद्यापीठात पहिले आणि संस्कृतसाठीची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. पुढे केंब्रिज, आय.सी.एस., १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला, हे गिरणगावात कोणाला सांगावे लागत नाही.

पाचवा आणि सहावा फलक शेजारी ठेवून पाहिले आणि बराच वेळ काहीच लिहिता आले नाही. एकच शाळा, पाच वर्षांचे अंतर. आंबेडकरांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला शाळेच्या वयात संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्यांना संस्कृत शिकवणार नाही, असे शिक्षकाने सांगितल्यामुळे दोघांना फारसी घ्यावी लागली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. फारसी घेऊनच ते मॅट्रिक झाले आणि संस्कृत पुढे स्वतःच्या मेहनतीने शिकले. देशमुख त्याच शाळेतून संस्कृतची सर्वांत मानाची शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडले. यात देशमुखांचा काडीचाही दोष नाही. त्यांची विद्वत्ता खरी होती, वर्षानुवर्षे पुरली आणि त्यांनी मेघदूताचे मराठी रूप केले ते याच पायावर. पण ज्या भाषेच्या परीक्षेने एक मुलगा पहिला आला, त्या भाषेच्या वर्गात दुसऱ्याला बसूच दिले नव्हते, हे दोन्ही फलक एका भिंतीवर आल्याशिवाय दिसत नाही.

१९५० च्या मध्यापासून सप्टेंबर १९५१ पर्यंत हे दोघे एकाच मंत्रिमंडळात बसत होते, एक अर्थमंत्री, दुसरे कायदामंत्री. एवढे वाक्य दोन्ही फलकांच्या मधल्या पट्टीवर घालायचे आहे. त्याला विशेषण लावायचे नाही.

कार्यवाहांना हे दोन फलक वेगवेगळ्या भिंतींवर हवे आहेत. सभागृहाची भिंत अठरा फूट आहे, म्हणून एका रांगेत पाचच फलक बसतात, असे कारण ते देतात. कारण खरे आहे. उपायही आहे. रांग पहिल्या तीनवर तोडून उरलेले चार समोरच्या भिंतीवर लावता येतील.

१६ सप्टेंबर

पेंटर अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळांच्या कामात आहे, त्यामुळे लेखन थांबले. या वेळात बोले यांच्याबद्दलची ओळ पक्की केली. १९०७ च्या सत्कारसभेचे अध्यक्ष असलेल्या सी. के. बोले यांनीच ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव संमत करून घेतला की, सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत. महाडचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला तो याच ठरावाच्या आधाराने. आपल्याला पाणवठा आठवतो. ठरावात शाळाही होती. १८५८ मध्ये जे एकदा जाहीर झाले होते ते पासष्ट वर्षांनी पुन्हा ठराव करून सांगावे लागले, हे दोन तारखा जवळजवळ मांडल्या की वाचणाऱ्याला दिसते. तिसऱ्या फलकाच्या तळाशी ही ओळ जाईल. आता धारवाड कशाला, असे कोणी विचारणार नाही.

५ ऑक्टोबर

सातव्या फलकाला फार वेळ लागला नाही. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून काढून घेतली गेली आणि १९४९ पासून एस.एस.सी. परीक्षा सुरू झाली. १९७५ मध्ये अकरावीऐवजी दहावीची एस.एस.सी. आली. जुनी एल्फिन्स्टन शाळा आज तांत्रिक विद्यालय म्हणून चालते. कानस आणि रंधा हातात धरायला शिकणारा मुलगा त्याच नावाच्या शाळेत शिकतो, हे कार्यवाहांना ‘उतरती कळा’ वाटते आणि त्यांनी तसे शीर्षकही सुचवले होते. मी ते काढले. शंभर-सव्वाशे वर्षे जी शाळा बहुतांशी कारकून, वकील आणि शिक्षक घडवीत होती ती आता हाताला काम शिकवते, यात कळा उतरण्यासारखे काय आहे, हे मला समजत नाही. गिरण्यांत जॉबर आणि फिटर म्हणून राबलेल्यांची मुले आमच्या वाचनालयात बसतात, त्यांच्यासमोर तरी तो शब्द नको.

२२ ऑक्टोबर

पेंटरने सहा फलक आणून दिले. अक्षर सुरेख आहे. तिसऱ्या फलकावर ठळक शीर्षक ‘१८६५’ असे पडले आहे. पाच आणि सहा यांची अदलाबदल. तो ओशाळला आणि म्हणाला, ‘‘मास्तर, एकच आकडा होता त्या फलकावर मोठा, आणि तोच चुकला.’’ पांढऱ्या रंगाचे दोन हात देऊन, वाळवून तो उद्या पुन्हा लिहील. पुसलेला ‘६५’ तिरप्या उजेडात अजूनही पुसट दिसतो. मी त्याला तिसरा हात देऊ नको म्हणून सांगितले, खर्च वाढतो.

यादीत शेवटी नऊ नावे उरली. बाळशास्त्री, दादाभाई, भाऊ दाजी, रानडे आणि भांडारकर ‘सामाईक’, तेलंग, आंबेडकर आणि देशमुख हायस्कूलचे, आणि नववे नाव जगन्नाथ शंकरशेट, जे विद्यार्थी म्हणून नव्हे तर संस्था उभी करणारे म्हणून घेतले. कार्यवाहांनी नऊ मोजली आणि सही केली.

७ नोव्हेंबर

सकाळी दहाला उद्घाटन न करता दार उघडले. रांग तीनवर तोडली, उरलेले चार समोरच्या भिंतीवर लावले, पाचवा आणि सहावा शेजारी. दुपारपर्यंत जवळच्या महापालिका शाळेचे दोन वर्ग येऊन गेले. मुले सर्वांत जास्त वेळ पहिल्या भिंतीवरच्या नामवंतांपाशी नव्हे, तर ‘२८२ / ७५०’ या आकड्यापाशी थांबली. त्यांच्या बाईंनी त्यांना पुढे न्यायचा दोनदा प्रयत्न केला आणि मग त्याही वाचत उभ्या राहिल्या. एका मुलाने शेळी कोणाची असे विचारले. दुसऱ्याने डब्यांची गोष्ट मोठ्याने वाचली आणि वाचून झाल्यावर आपला डबा दप्तरात आहे का ते हाताने चाचपून पाहिले.

संध्याकाळी एक वृद्ध गृहस्थ आले आणि त्यांनी मेहतांचे नाव कसे नाही, अशी तक्रार केली. त्यांना १८५६ चा फलक दाखवला. ते पटून गेले असे म्हणवत नाही, पण त्यांनी तारखा वहीत उतरवून घेतल्या.

९ नोव्हेंबर

फलक उतरवले. चौथ्याच्या खालच्या पट्टीला भिंतीच्या ओलीने पोपडा आला आहे, तो खरवडून पुन्हा रंगवावा लागेल. पेंटरचे अर्धे पैसे देणे बाकी आहे. महापालिका शाळेच्या बाईंनी पाचवा आणि सहावा हे दोनच फलक आठवडाभरासाठी मागितले आहेत. दोन्ही एकत्रच नेणार असाल तर न्या, असे त्यांना सांगितले. सोमवारी त्यांचा शिपाई टेम्पो घेऊन येईल.